खेळातला एक सेकंद: टायमर अ‍ॅड-ऑनचा छोटा इतिहास

बंगळुरूत, के. आर. पुरमच्या आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने खेळासाठी एक मिनिटाचा टायमर लिहिला. दर फ्रेमला आकडा एकने वाढवायचा आणि ३,६०० झाले की घंटा वाजवायची. त्याच्या लॅपटॉपवर सेकंदाला ६० फ्रेम निघत, त्यामुळे घंटा बरोबर एका मिनिटाने वाजली. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर ३० फ्रेम निघत. तिथे तीच घंटा दोन मिनिटांनी वाजली. ही चूक नवशिक्याची असली, तरी ती जुनी आहे.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला. त्यातल्या ५५ शत्रूंपैकी दर फ्रेमला एकच सरकत असे. शत्रू कमी होत, तशी उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि खेळ आपोआप वेग घेई. निशिकादो यांनी हा परिणाम तसाच ठेवला. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झचा होता. त्याच्या वेगावर बेतलेले काही खेळ नंतरच्या यंत्रांवर इतके भरधाव पळू लागले, की खेळणे अशक्य झाले. म्हणून संगणकांवर ‘टर्बो’ बटण आले. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग यंत्राचा वेग कमी करण्यासाठी!

यावर उपाय म्हणजे फ्रेम न मोजता वेळ मोजणे. १९९३ साली ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात ‘लुआ’ ही छोटी भाषा जन्मली. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने खेळाडूंना लुआमध्ये अ‍ॅड-ऑन लिहू दिले. त्यात ‘ऑनअपडेट’ हे फंक्शन दर फ्रेमला चालते आणि मागच्या फ्रेमपासून किती सेकंद गेले, तो आकडा हाती देते. हे आकडे बेरजेत घेत गेलो, की यंत्र कोणतेही असो, मिनिट सारखेच भरते. २०१४ मध्ये ‘इतक्या सेकंदांनी हे काम कर’ असे एका ओळीत सांगण्याची सोयही आली.

दर सेकंदाला आकडा बदलणारा टायमर करताना एक काळजी घ्या. बेरीज १ च्या पुढे गेली की ती शून्य करू नका, तिच्यातून १ वजा करा. बेरीज १.०१ झाली असताना शून्य केली, तर ०.०१ सेकंद हरवतो. दर सेकंदाला असे झाले, तर १०० सेकंदांत टायमर एक सेकंद मागे पडतो.

सरावासाठी ‘लुआंटी’ (पूर्वीचे नाव ‘माइनटेस्ट’) हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर वापरा. तेही लुआवर चालते. फ्रेम मोजणारा आणि वेळ मोजणारा, असे दोन टायमर लिहा. दोन वेगवेगळ्या संगणकांवर मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहा आणि फरक वहीत नोंदवा. स्पर्धेच्या खेळात हाच फरक कुणाला दुप्पट वेळ देतो, तर कुणाला निम्मा.