जुहूचे विमान आणि कोल्हापूरचा रस्सा

नुसते जेवायला म्हणून कोणी विमानाने निघाला, तर आपण त्याची गणना नवाबात करू, नाही तर वेड्यात. अमेरिकेत असे वेडे पुष्कळ आहेत. सुटीच्या सकाळी दोन-चार माणसांचे छोटे विमान काढायचे, शे-दीडशे मैलांवरच्या एखाद्या चिमुकल्या विमानतळावर उतरायचे, तिथल्या उपाहारगृहात हॅम्बर्गर खायचा आणि परत यायचे! खाण्याचा खर्च किरकोळ, उडण्याचा भरमसाट. म्हणून वैमानिकांनी त्याला नावच दिले आहे, ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’. इंग्लंडचे हौशी वैमानिक तर इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सातल्या ल तुके गावी जेवायला उतरतात.

ही गंमत मला प्रथम सांगितली बाबांनी. रद्दीवाल्याकडून आणलेल्या कुठल्याशा विलायती मासिकात त्यांनी ती वाचली होती. आम्ही तेव्हा अंधेरीला राहत होतो. बाबा मूळचे कोल्हापूरचे, नोकरी फोर्टातल्या एका कचेरीत. रविवारी संध्याकाळी जुहूच्या चौपाटीवर जाऊन भेळ खायची, ही आमची चैन. जाताना विमानतळाच्या कुंपणापाशी बाबा हटकून थांबत. आत एखादे छोटे विमान दिसले, की आमची भेळ लांबणीवर पडलीच म्हणून समजावे.

त्या मैदानाचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. १९२५ साली इंग्लंडात डी हॅविलंड कंपनीने ‘मॉथ’ नावाचे हलके विमान काढले. त्याचे पंख मिटवून ठेवता येत. विमान ही फक्त लष्कराने बाळगायची वस्तू, हा समज त्या मॉथने मोडला आणि ठिकठिकाणी हौशी लोकांचे क्लब निघाले. १९२८ साली जुहूचा विमानतळ सुरू झाला, आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लबही. तिथे शिकायला आलेले चोवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा साडेतीन तासांच्या शिकवणीनंतर एकट्याने उडाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्या हाती पडलेला परवाना हा हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला परवाना.

पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी तेच जेआरडी ‘पस मॉथ’ विमानात टपाल घालून कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला टेकले. पुढचे टपाल नेव्हिल विन्सेंट यांनी दुसऱ्या विमानाने बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. हौशीने शिकलेली विद्या अशी देशाच्या कामी आली. एअर इंडियाचा जन्म इथला. पावसाळ्यात मात्र जुहूच्या मैदानात पाणी साचे, आणि हा सारा संसार पुण्याला हलवावा लागे.

१९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांनी कोल्हापुरातही विमानतळ सुरू केला. हे कळल्यापासून बाबांच्या डोक्यात एक हिशेब घर करून बसला होता. एकदा भेळ संपल्यावर त्यांनी तो भेळेच्या कागदावरच मांडला.

“हे बघ लेका, जुहू ते कोल्हापूर सरळ रेषेत एकशे नव्वद मैल. पस मॉथ ताशी शंभर मैल जाते. दहाला निघालो, की बाराला उजळाईवाडीच्या मैदानात. तांबडा-पांढरा ओरपायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी!”

“आणि बसणार कोण?” आईने विचारले.

“तिघांचे विमान आहे. मी चालवणार. तू आणि हा मागे.”

“अहो, आधी लोकलचा पास तर काढा. कालच संपलाय.”

प्रत्यक्षात कोल्हापूर म्हणजे वर्षातून एकदा, दिवाळीला, रात्रभराची महालक्ष्मी एक्स्प्रेस. भाऊबीज झाली, की आजीच्या हातचा रस्सा. आजी गेली आणि तेही जाणे थांबले. हिशेब मात्र थांबला नाही.

त्या पहिल्या टपालाला ५० वर्षे झाली, म्हणून १५ ऑक्टोबर १९८२ रोजी जेआरडी जुन्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून कराची ते जुहू पुन्हा एकटे आले. वय ७८. तरुणांच्या मनात उमेद जागवावी, हा त्यांचा हेतू. बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि माझी शाळा बुडवली. ते इवलेसे विमान उतरताना कुंपणाबाहेरून पाहून बाबा एवढेच म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर! म्हणजे माझ्यापाशी अजून तीस वर्षे आहेत.”

विमानाने रस्सा खायला जाण्यातले शहाणपण मला फार उशिरा उमगले. अमेरिकेतला नियम असा, की सोबत कोणाला बसवायचे तर वैमानिकाने मागच्या ९० दिवसांत निदान ३ वेळा उड्डाण करून उतरलेले असावे. हात चालता ठेवायचा तर निमित्त हवे, आणि जेवणाइतके गोड निमित्त कोणते? त्या निमित्ताने आडगावच्या विमानतळालाही पाहुणा मिळतो. आपल्याकडे ही चाल रुजली नाही. उड्डाणाआधी आराखडा द्यावा लागतो, हवाई संरक्षणाची परवानगी लागते; असल्या विमानांचे पेट्रोलही मोजक्याच ठिकाणी मिळते. १९४८ साली प्रवासी विमाने शेजारच्या सांताक्रूझला गेली. जुहूभोवती इमारती उभ्या राहिल्या. आता तिथून प्रामुख्याने हेलिकॉप्टरे उडतात, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसे नेतात-आणतात. काम मोलाचे खरे. पण ज्या मैदानात हौसेने देशाला विमानसेवा दिली, तिथे आज हौसेलाच जागा उरलेली नाही, याची रुखरुख वाटते.

बाबांची तीस वर्षे पुरी झाली नाहीत. काही वर्षांपूर्वी मी आईला मुंबईहून कोल्हापूरला विमानाने घेऊन गेलो. विमान समुद्राच्या दिशेने वर चढले, तेव्हा उजव्या खिडकीतून जुहूची धावपट्टी क्षणभर दिसली. आईला दाखवेपर्यंत ती मागे गेलीही. उजळाईवाडीला उतरून आम्ही थेट खानावळ गाठली. ताट आले. पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावता लावता आईचे लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले.

“बारा वाजून गेलेत रे,” ती म्हणाली. “ह्यांचा हिशेब बरोबर होता.”