एका ताग्यातली सुट्टी

माथेरानच्या इतिहासात पहिलं नाव येतं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचं. १८५० मध्ये त्यांनी ही जागा हेरली. पुढे आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं नेरळहून वर रेल्वे नेली, ती १९०७ मध्ये धावू लागली. मुंबईकराला दोन दिवसांत जाऊन येण्याजोगा डोंगर मिळाला.

पण दोन दिवसांसाठी न्यायचं काय? रूळ अवघे दोन फुटी, डबे चिमुकले. वर मोटारीला बंदी. सामान हमालाच्या डोक्यावर, नाहीतर आपल्या हातात.

याचं उत्तर घरोघरच्या शिवणयंत्रानं दिलं. सिंगरनं अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं १८५१ मध्ये, म्हणजे मॅलेटसाहेबांनंतर वर्षभरानं. आमची अम्मी एकच तागा आणायची. त्यातच मुलांचे शर्ट, मुलींचे फ्रॉक. शेजारी म्हणत, "बँडपथक निघालं!" पण कशावरही काहीही चालायचं, थोरल्याचं धाकट्याला व्हायचं, सगळं एका पिशवीत मावायचं. पांढरं कापड वर्ज्य, कारण तिथली लाल माती धुऊन जात नाही. वाढत्या अंगासाठी शिवणीत जास्तीचं कापड सोडायचं. शिंपी त्याला 'माया' म्हणतात. एवढा नेमका शब्द मला कवितेत क्वचितच सापडला.

पिशवीत सर्वांत वर रुमालात गुंडाळलेला सुईदोरा असे. रेल्वे बांधणाऱ्यांची नावं नोंदलेली आहेत. शिवणाऱ्यांची कुठून असणार? त्या ताग्यात अम्मीचा स्वतःचा कपडा कधी नसे. ती गेल्या ईदचाच सलवार-कुर्ता घाली.