ऑफिसचे एक्स्चेंज पीसीत आले तेव्हा

नव्वदच्या दशकात ऑफिसात चार-सहा टेबलांवर फोन हवे असले, की ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचे स्वतःचे एक्स्चेंज, घ्यावे लागे. भिंतीवरच्या त्या बंद पेटीत काय चालते, हे विकणाऱ्या कंपनीलाच ठाऊक. एखादे एक्स्टेन्शन वाढवायचे तरी तिचाच माणूस बोलवायचा, कार्डही तिचेच घ्यायचे.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने लिनक्स वापरणाऱ्यांना मदत पुरवणारी कंपनी काढली. भांडवल होते सुमारे ४,००० डॉलर. मदत फोनवरून द्यायची, म्हणजे एक्स्चेंज हवेच. पण ते विकत घेतले असते तर भांडवल तिथेच संपले असते. स्पेन्सरचा हात कोडवर बसलेला होता. एओएलचे चॅट लिनक्सच्या डेस्कटॉपवर चालवणारा ‘गेम’ हा प्रोग्रॅम त्याने १९९८ मध्येच लिहिला होता. आता त्याने एक्स्चेंजही स्वतःच लिहायला घेतले. त्याचे नाव ॲस्टरिस्क. जीपीएल परवान्याखाली त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला.

पण फोनची लाइन पीसीला जोडायची कशी? तेव्हाच्या टेलिफोनी कार्डांवर आवाजाची प्रक्रिया करणाऱ्या खास डीएसपी चिप असत आणि त्यांच्यामुळे कार्डाची किंमत आवाक्याबाहेर जाई. जिम डिक्सन या इंजिनिअरने हिशेब मांडला: पीसीचा प्रोसेसर आता पुरेसा वेगवान झाला आहे, हे काम त्याच्याकडेच द्यावे आणि कार्डावर लाइन जोडण्यापुरते सर्किट ठेवावे. त्यातून ‘टॉर्मेंटा’ कार्ड तयार झाले. डिक्सनने त्याचा सगळा आराखडा लोकांसाठी खुला केला. मेक्सिकन क्रांतिकारक एमिलियानो झपाटाच्या नावाने चाललेला डिक्सनचा हा प्रकल्प आधी फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर होता. स्पेन्सरने तो लिनक्सवर आणला आणि दोघांचे काम जुळले.

ॲस्टरिस्कमध्ये एक्स्चेंजचा मेंदू म्हणजे डायलप्लॅन, एक साधी टेक्स्ट फाइल. प्रत्येक ओळीत नंबर, पायरी आणि कृती. १०१ वर फोन आला, की पहिल्या पायरीला रिसेप्शनचा फोन वीस सेकंद वाजवायचा. कोणी उचलला नाही, तर दुसरीला व्हॉइसमेलकडे द्यायचा. तिसरीला ठेवून द्यायचा. ‘अमुकसाठी एक दाबा’ हा मेन्यूही अशाच ओळींचा. बदल केला, डायलप्लॅन रिलोड केला, की काम झाले.

कोड फुकट, मग पोट कशावर भरायचे? स्पेन्सरची कंपनी पुढे ‘डिजियम’ झाली आणि टेलिफोनी कार्डे विकू लागली. २००४ मध्ये ॲस्टरिस्कची १.० आवृत्ती आली. भारतात ३० चॅनेलची पीआरआय लाइन घेणारी कॉल सेंटरेही ते वापरू लागली. इथे एक मेख मात्र होती. इंटरनेटवरचे कॉल नेहमीच्या फोन नेटवर्कमध्ये मिसळायला सरकारी नियमांची आडकाठी होती, त्यामुळे दोन्ही एकाच यंत्रात असले तरी वेगळे ठेवावे लागत.

ट्रेडमार्कच्या कटकटींनी दोन जुनी नावे गेली. एओएलमुळे ‘गेम’चे २००७ मध्ये ‘पिजिन’ झाले, तर डिक्सनच्या कामातून आलेल्या ‘झॅपटेल’ ड्रायव्हरचे २००८ मध्ये ‘दाहदी’. कोडला मात्र कोणी हात लावू शकले नाही.

पुढे एसआयपी ट्रंक आले. फोनची लाइनच इंटरनेटवरून मिळू लागल्यावर अनेक ऑफिसांना कार्डाची गरजच उरली नाही. ज्या मालावर डिजियम उभी राहिली, त्याचीच मागणी घटली. २०१८ मध्ये कॅनडाच्या सँगोमाने ती कंपनी विकत घेतली. ॲस्टरिस्कचा कोड मालक बदलल्यानंतरही जीपीएलखालीच आहे आणि आजही कोणालाही फुकट उतरवून घेता येतो.