त्स्विंगरमधील निळे रांजण

जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं त्स्विंगर नांवाचा प्रासाद आहे. तेथील चिनी भांड्यांच्या संग्रहालयांत जाणाऱ्यानें निळ्या नक्षीच्या, कमरेइतक्या उंच, झांकणाच्या रांजणांपाशीं थोडें थांबावें. सॅक्सनीचा अधिपति ऑगस्टस यानें १७१७ सालीं प्रशियाच्या राजाकडून हे रांजण धरून १५१ चिनी भांडीं घेतलीं व मोबदला म्हणून ६०० घोडेस्वार दिले. मी पडलों शाळामास्तर. हिशेब केल्यावांचून राहवेना. दर भांड्यास जवळजवळ चार माणसें पडलीं! प्रशियांत त्या शिपायांची पलटण झाली. तिला ‘चिनी मातीची पलटण’ हेंच नांव पडलें.

नवल हें कीं, ऑगस्टसाचा स्वतःचा कारखाना मायसन येथें १७१० पासून चालला होता. परंतु असली निळी नक्षी तेथील कारागिरांस अद्याप नीट साधली नव्हती. पांढऱ्या चिनी मातीचें गुपित उलगडणारा बोटगर, तोही राजाचा कैदीच. सोनें करून देतों, असें तो बोलून बसला होता. सोनें झालें नाहीं. त्शिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं भट्ट्या लावतां लावतां ही माती मात्र साधली. १७१४ सालीं त्याची सुटका झाली. पुढें पांचच वर्षांनीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, तो वारला.