चरित्रपटातील ‘पहिली’ आणि इतिहासातील ‘पहिल्या’ : ‘गुंजन सक्सेना’ (२०२०) या चित्रपटाच्या निमित्ताने

प्रास्ताविक :

सोलापूर शहरात चरित्रपटाचा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव साहजिकच पुढे येते. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या या डॉक्टरच्या जीवनावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट निर्माण केला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये भारतातून जे वैद्यकीय पथक गेले, त्यात मात्र पाच डॉक्टर होते. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बासू, डॉ. मुखर्जी आणि डॉ. कोटणीस. चित्रपटाला आधारभूत असलेल्या ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाचे नावच ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ असे होते. एक परत आला नाही, याचा अर्थ इतर परत आले. त्या इतरांची नावे आज सोलापुरातील सुशिक्षितांनाही सहसा आठवत नाहीत.

हा दोष शांतारामांचा म्हणता येणार नाही. चरित्रपट हा एका व्यक्तीभोवती गुंफला जातो, हा त्या कलाप्रकाराचा स्वभावच आहे. परंतु चरित्रनायिका जेव्हा एखाद्या क्षेत्रात प्रथम पाऊल टाकणारी स्त्री असते, तेव्हा या स्वभावाचे परिणाम अधिक दूरगामी ठरतात. ‘पहिली’ या शब्दाचा अर्थ नकळत ‘एकटी’ असा होऊन बसतो. हवाई दलातील महिला वैमानिकाच्या जीवनावर आधारित ‘गुंजन सक्सेना : द कारगिल गर्ल’ हा हिंदी चित्रपट या प्रक्रियेचे ठळक उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात या चित्रपटाचा इतिहासाच्या दृष्टीने विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) भारतीय महिला वैमानिकांच्या वाटचालीची थोडक्यात पार्श्वभूमी मांडणे.
२) चित्रपटातील चित्रण व उपलब्ध निवेदने यांतील तफावत तपासणे.
३) इतिहासाच्या अध्यापनात चरित्रपटाचा उपयोग कसा करावा, याचा विचार करणे.

पूर्वपीठिका :

भारतीय स्त्री आणि विमान यांचा संबंध कारगिलपासून सुरू होत नाही. १९३६ मध्ये सरला ठकराल यांनी लाहोर येथे जिप्सी मॉथ या विमानावर उड्डाण करून वैमानिकाचा ‘ए’ परवाना मिळविला. त्या वेळी त्यांचे वय २१ वर्षांचे होते आणि त्या एका मुलीच्या आई होत्या. साडी नेसून विमानात बसणाऱ्या या तरुणीची कहाणी सर्वपरिचित आहे. १९३९ मध्ये वैमानिक पतीचे अपघाती निधन झाल्यावर त्या कलाशिक्षणाकडे वळल्या, हा तिचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. ‘पहिली भारतीय महिला वैमानिक’ म्हणून उर्मिला पारीख यांच्यासारखी अन्य नावेही घेतली जातात. म्हणजे पहिलेपणाचा वाद प्रारंभापासूनच आहे.

परवाना मिळणे आणि नोकरी मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत्या. प्रेम माथुर यांच्याकडे व्यावसायिक परवाना असूनही अनेक विमान कंपन्यांनी त्यांना नकार दिला. अखेरीस सोलापूरला लागून असलेल्या तत्कालीन हैदराबाद संस्थानातील डेक्कन एअरवेजने त्यांना संधी दिली. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यतही जिंकली. पुढे नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सहवैमानिक निवेदिता भसीन यांच्यासह कोलकाता-सिल्चर मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमान नेले. त्या विमानातील सर्व कर्मचारी महिला होत्या. या घटनेचे वेगळेपण असे की, येथे ‘पहिल्या’ असे अनेकवचनच वापरावे लागते.

हवाई दलाची दारे स्त्री-वैमानिकांसाठी त्यानंतर सुमारे दशकभराने उघडली. महिला वैमानिकांची पहिली तुकडी डिसेंबर १९९४ मध्ये दाखल झाली. त्याआधी सप्टेंबर १९९४ मध्ये हरिता कौर देओल यांनी अ‍ॅव्हरो विमानाचे एकट्याने उड्डाण केले होते. १९९६ मध्ये विमान अपघातातच त्यांचा मृत्यू झाला. या महिलांना वाहतूक विमाने व हेलिकॉप्टर यांपुरतीच परवानगी होती. लढाऊ विमानांसाठी जून २०१६ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वेळीही अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग अशा तिघी एकाच दिवशी दाखल झाल्या.

चित्रपटातील मांडणी :

शरण शर्मा दिग्दर्शित हा चित्रपट १२ ऑगस्ट २०२० रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. जान्हवी कपूर यांनी गुंजनची व पंकज त्रिपाठी यांनी तिच्या वडिलांची भूमिका केली आहे. विमानाच्या कॉकपिटमध्ये डोकावणारी मुलगी, तिच्या स्वप्नाची थट्टा करणारे घर, पाठीशी उभा राहणारा लष्करी अधिकारी पिता, निवडीच्या वेळी आड येणारे उंची-वजनाचे निकष आणि त्यानंतर उधमपूर येथील नेमणूक असा कथेचा क्रम आहे. उधमपूरच्या तळावर ती एकटीच स्त्री आहे. तेथे स्त्रियांसाठी प्रसाधनगृह नाही. सहकारी तिच्याबरोबर उड्डाण करण्यास नाखूश आहेत. एका प्रसंगात तर वरिष्ठ अधिकारी तिला सर्वांसमक्ष पंजा लढविण्यास भाग पाडून दुर्बल ठरवितो. शेवटी कारगिल युद्धात जखमी जवानांची सुटका करून ती आपली योग्यता सिद्ध करते.

यातील मूळ घटना खऱ्या आहेत. मे ते जुलै १९९९ या काळातील कारगिल संघर्षात फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना यांनी चीता हेलिकॉप्टरमधून जखमींना हलविणे, रसद पोहोचविणे व शत्रूच्या ठाण्यांची टेहळणी करणे ही कामे केली. हे हेलिकॉप्टर लहान आणि हलके असते. युद्धक्षेत्राची उंची आणि शत्रूच्या माऱ्याचा धोका लक्षात घेता या कामगिरीचे मोल कोणत्याही वादाने कमी होत नाही.

दोन आक्षेप आणि त्यांतील भेद :

चित्रपटावर दोन दिशांनी आक्षेप घेतले गेले. त्यांचा उल्लेख बहुधा एकत्रच केला जातो. वस्तुतः त्यांचे स्वरूप भिन्न आहे.

पहिला आक्षेप हवाई दलाचा होता. चित्रपटात दलाची कार्यसंस्कृती स्त्रीविरोधी दाखवून प्रतिमा मलिन केली, अशा आशयाचे पत्र दलाने केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाला पाठविले. केंद्र सरकारही दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तथापि सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने प्रदर्शनास तातडीची स्थगिती दिली नाही. स्वतः गुंजन सक्सेना यांची भूमिका समतोल होती. संस्था म्हणून दलाने आपल्याला समान संधी दिली, काही व्यक्तींच्या पातळीवर मात्र पूर्वग्रह अनुभवास आले, असे त्यांनी मांडले.

दुसरा आक्षेप त्यांच्या सहकारी श्रीविद्या राजन यांचा होता. इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. राजन यांच्या जाहीर निवेदनानुसार १९९६ मध्ये उधमपूरच्या त्या तुकडीत दोघींची नेमणूक एकाच वेळी झाली होती. कारगिल संघर्ष सुरू झाल्यावर तुकडीचे जे पहिले पथक श्रीनगरला गेले त्यात राजन होत्या आणि सक्सेना काही दिवसांनी पुढील पथकाबरोबर आल्या. पंजा लढविण्याचा प्रसंग घडलाच नाही, असेही त्यांनी सांगितले. त्याच वेळी काही सहकाऱ्यांच्या मनात पूर्वग्रह होते, हे त्यांनी नाकारले नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हवाई दलाचा आक्षेप चित्रपटात भेदभाव जास्त दाखविला, असा आहे. राजन यांचा आक्षेप चित्रपटात स्त्रिया कमी दाखविल्या, असा आहे. एक संस्थेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, तर दुसरा नोंदीचा. माध्यमांतील चर्चेत पहिल्याच्या गदारोळात दुसरा झाकोळला गेला. राजन यांचे निवेदन भेदभाव नाकारण्यासाठी वापरणे किंवा भेदभाव अधोरेखित करण्यासाठी त्यांचे अस्तित्व पुसणे, ही दोन्ही टोके इतिहासाशी प्रामाणिक नाहीत. दोघी एकाच तळावर होत्या आणि दोघींना पूर्वग्रहांना तोंड द्यावे लागले, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. किंबहुना अडचणींना तोंड देताना शेजारी दुसरी स्त्री असणे, हाच या इतिहासाचा सर्वांत अर्थपूर्ण भाग होता आणि तोच पडद्यावर आला नाही.

एकटेपणाची परंपरा :

ही मांडणी केवळ एका चित्रपटापुरती नाही. समीर विद्वांस दिग्दर्शित ‘आनंदी गोपाळ’ (२०१९) या मराठी चित्रपटाचा कणा पतिपत्नींचे नाते हा आहे. हे शीर्षकावरूनच स्पष्ट होते. परंतु ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या आनंदीबाईंच्या भोवती स्त्रियांचे एक मोठे वर्तुळ होते. त्यांना आपल्या घरी आसरा देणाऱ्या श्रीमती कार्पेंटर, महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली, जपानच्या केइको ओकामी व सीरियाच्या साबात इस्लामबुली या सहाध्यायिनी त्यात होत्या. त्याच १८८६ साली कोलकात्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले.

दोन्ही चित्रपटांत कर्तृत्ववान स्त्रीच्या पाठीशी घरातील पुरुष उभा आहे. एकीकडे पती, तर दुसरीकडे पिता. एकोणिसाव्या शतकातील सुधारणावादी कथनाचा ‘स्त्रीला घडविणारा पुरुष’ हा साचा एकविसाव्या शतकाच्या चित्रपटातही टिकून आहे. अशा पुरुषांचे योगदान खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु त्या साच्यात बरोबरीच्या मैत्रिणीला जागा उरत नाही.

परदेशातील उदाहरणही बोलके आहे. अमेलिया इअरहार्ट यांच्यावर मीरा नायर यांनी २००९ मध्ये ‘अमेलिया’ हा चित्रपट केला. अटलांटिक महासागर एकटीने ओलांडणारी वैमानिक म्हणून इअरहार्ट जगाला ठाऊक आहेत. पण अमेरिकेतील महिला वैमानिकांनी १९२९ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या. त्या संघटनेचे नाव सनदी सभासदांच्या संख्येवरून ‘नाइंटी-नाइन्स’ असे ठेवले गेले. एकटीच्या उड्डाणामागे नव्याण्णव जणी होत्या.

पडद्याबाहेर राहिलेला प्रश्न :

या मांडणीमुळे आणखी एक प्रश्न दृष्टीआड होतो. तो म्हणजे नोकरीच्या स्वरूपाचा. चित्रपटाचा शेवट शौर्याने होतो. प्रत्यक्षात त्या काळातील महिला अधिकाऱ्यांची भरती अल्पकालीन सेवेसाठी होत असे आणि गुंजन सक्सेना २००४ मध्ये सेवेतून बाहेर पडल्या. युद्धात कर्तृत्व दाखवूनही दीर्घकाळ सेवेत राहण्याचा मार्ग खुला नव्हता. तो खुला झाला तो महिला अधिकाऱ्यांनी एकत्रितपणे दिलेल्या न्यायालयीन लढ्यामुळे. मार्च २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हवाई दल व भूदलातील महिला अधिकाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. भूदलाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे हा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी सहा महिने, महिलांना कायम नियुक्तीसाठी पात्र ठरविले.

प्रसाधनगृह नसणे हे दृश्य पडद्यावर परिणामकारक दिसते. नियुक्तीपत्रातील सेवेची मुदत दिसत नाही. भेदभाव एखाद्या उर्मट अधिकाऱ्याच्या रूपात दाखविला की नायिकेने त्याला जिंकून घेतल्यावर तो संपतो. नियमातील भेदभाव असा संपत नाही. त्यासाठी याचिका, पुरावे, सुनावण्या आणि अनेकींची वर्षे खर्ची पडतात.

अध्यापनाच्या दृष्टीने :

महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांना स्त्रियांच्या इतिहासाची पहिली ओळख अनेकदा चित्रपटातून झालेली असते. ती नाकारण्यात अर्थ नाही. चित्रपटाने निर्माण केलेली आस्था हे अध्यापनाचे भांडवल आहे. मात्र ‘हे खरे घडले का?’ या प्रश्नाबरोबरच ‘त्या वेळी तेथे आणखी कोण होते?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावली पाहिजे. सोलापूरच्या विद्यार्थ्यांना ही सवय कोटणीसांच्या स्मारकापासूनच लावता येईल. पथकातील इतर चौघांचा शोध घेणारा विद्यार्थी श्रीविद्या राजन यांचे नावही शोधू शकेल.

निष्कर्ष :

१) ‘गुंजन सक्सेना’ हा चित्रपट एका वास्तव कर्तृत्वावर आधारित असला, तरी नायिकेला एकटी दाखविल्याने तो सहकारी महिला वैमानिकांच्या नोंदीस बाधा आणतो.
२) हवाई दलाचा आक्षेप व श्रीविद्या राजन यांचा आक्षेप हे स्वतंत्रपणे तपासले पाहिजेत. दुसरा मान्य केल्याने पहिला आपोआप सिद्ध होत नाही.
३) वैयक्तिक शौर्याच्या कथनामुळे सेवाशर्तींतील भेदभाव व त्याविरुद्धचा सामूहिक लढा पडद्याआड राहतो.

एखाद्या क्षेत्रात स्त्रीने एकटीनेच लढायचे असते, असा समज घेऊन वर्गातील मुलगी बाहेर पडली, तर चरित्रपटाने तिला प्रेरणेबरोबर एक अनावश्यक ओझेही दिले, असे म्हणावे लागेल. उधमपूरच्या तळावर दोघी होत्या, एवढे साधे सत्य ते ओझे हलके करण्यास पुरेसे आहे.