भोगवर्धन ते भोकरदन

जालन्याहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, केळना नदीच्या काठी, भोकरदन हे तालुक्याचे गाव वसले आहे. एस. टी.तून उतरणाऱ्या प्रवाशास तेथे कापसाच्या गाड्या, मक्याची पोती, कचेरीच्या दारातील अर्जदारांची गर्दी आणि चहाची दुकाने दिसतात. मराठवाड्यातील इतर दहा गावांहून हे गाव निराळे आहे, अशी शंकाही त्याच्या मनात येण्याचे कारण नाही. तथापि दोन हजार वर्षांपूर्वी याच गावाचे नाव दूरदूरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी होते. ते नाव भोगवर्धन.

नावाचा हा संबंध केवळ ध्वनिसाम्यावर उभा नाही. दक्षिणापथातील जनपदे सांगताना मार्कंडेय पुराणात भोगवर्धनांचा उल्लेख येतो. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांतही भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. ज्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावरील काम विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी केले, त्याच स्तूपाला आमच्या केळनाकाठच्या माणसांनी दान दिले. नर्मदेपलीकडे इतक्या दूर जाऊन दान देणारे लोक नुसते पोटापुरते कमावणारे नसावेत, एवढे अनुमान काढण्यास हरकत नाही.

ही संपन्नता आली कोठून? तिचे उत्तर रस्त्यात आहे. उज्जयिनीकडून नर्मदा व तापी ओलांडून, अजिंठ्याचा डोंगर चढून जी वाट पैठणला उतरे, तिच्यावर हे गाव होते. पेरिप्लस या नावाने प्रसिद्ध असलेल्या पहिल्या शतकातील ग्रीक वृत्तान्तात भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे अंतर दिले आहे. गोमेदासारखे खडे आणि तलम कापड गाड्यांत भरून बिकट वाटांनी बंदरास नेत, असेही तो प्रवासी लिहितो. भोगवर्धनचे नाव त्यात नाही. परंतु पुस्तकाने जे सांगितले नाही ते मातीने सांगितले.

१९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून येथे उत्खनन केले. त्याचा वृत्तान्त शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. सातवाहनकालीन वस्तीचे थर उघडे झाले. मणी, शंखाच्या वस्तू, नाणी मिळाली, आणि त्यांबरोबर हस्तिदंतात कोरलेली स्त्रीमूर्तीही मिळाली. विद्वानांचे लक्ष विशेष वेधले ते या मूर्तीने. कारण तशीच एक मूर्ती त्यांनी आधी पाहिली होती, आणि तीही इटलीत!

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरात, १९३८ साली, एका घराच्या अवशेषांत सुमारे वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. अलंकारांनी नटलेली एक स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंस दोन लहान दासी, असा तो शिल्पगट आहे. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले व ती मथुरेची मानली गेली. पुढे तेर व भोकरदन येथील मूर्तींशी तिचे साम्य दिसून आल्यावर म. के. ढवळीकर यांनी ती महाराष्ट्रातील, बहुधा भोकरदनकडील असावी, असे मत मांडले. तिच्या बैठकीवर वायव्येकडील खरोष्ठी लिपीतील खूण आहे. त्यामुळे वादाला जागा उरते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु जन्मस्थान कोणतेही ठरले तरी, नेपल्सच्या संग्रहालयातील त्या मूर्तीची बहीण आमच्या केळनाकाठी निघाली, ही गोष्ट काही खोटी होत नाही.

रस्त्याने दिलेले वैभव रस्त्यानेच परत नेले. सातवाहनांची सत्ता तिसऱ्या शतकात मावळली आणि रोमशी चालणारा व्यापारही ओसरला. गाव मात्र उजाड झाले नाही. नदीकाठच्या खडकात कोरलेले वैष्णव लेणे पुढील शतकांतील वस्तीची व श्रद्धेची साक्ष देते. मग इतिहासाने या गावाकडे पुन्हा वळून पाहिले ते एका अशुभ दिवशी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व भोसले यांच्या फौजा भोकरदनपासून असईपर्यंत पसरल्या होत्या. नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे आहेत, तेव्हा मध्ये उतार असलाच पाहिजे, असे ताडून वेलस्लीने केळना ओलांडली, आणि मराठ्यांच्या तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. ज्या उतारांवरून एके काळी मालाच्या गाड्या जात, तशाच एका उताराने पराभव आला! पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात मनमाडकडील आगगाडी आली, ती जालन्यावरून. भोकरदन बाजूस राहिले.

आज हा तालुका कापूस, मका व सोयाबीन यांवर जगतो. पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार तर दूरवर नावाजलेला आहे. तेव्हा येथील माणसांची व्यापारी वृत्ती मेली, असे कोणी म्हणू नये. २०२४ साली जालना-जळगाव या नव्या लोहमार्गास केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. तो भोकरदन व अजिंठ्यावरून जावयाचा आहे. म्हणजे लोखंडाची ही वाट पुष्कळ अंशी जुन्या सार्थवाहांच्या वाटेनेच जाणार.

रस्ता येईल तेव्हा पैसा येईल, आणि पैशापाठोपाठ जमिनी खोदल्या जातील. चिंतेची गोष्ट नेमकी येथेच आहे. गावाच्या पांढरीची माती घरासाठी उचलून नेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि त्या मातीबरोबर किती भोगवर्धने भिंतींत लिंपली गेली असतील, कोण जाणे. तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे या एका गृहस्थाने गावात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जतन केल्या. त्यांतूनच तेथील संग्रहालय उभे राहिले. त्यासाठी राजाश्रय लागला नाही, विद्वत्ताही लागली नाही; पायाखालच्या मातीविषयी आदर मात्र लागला. तेवढा आदर भोकरदनच्या एखाद्या शाळामास्तराने मुलांच्या मनांत रुजविला, तरी पुढच्या खोदाईत कुदळ क्षणभर थांबेल. सांचीला दान देणाऱ्या पूर्वजांचे ऋण फेडण्यास तो एक क्षणही पुष्कळ आहे.