भट्टी, तहरी आणि पंगत : आपल्या गावच्या बाहेरच्या खाण्याचा इतिहास

स्मरणिका समितीच्या बैठकीत लेख वाटून देताना सचिव म्हणाले, "काका, तुम्ही गावभर खात हिंडता, तर हॉटेलांवर तुम्हीच लिहा." मी म्हटलं, हॉटेलांवर मतं लिहिली तर रौप्यमहोत्सवातच भांडणं लागतील. आपल्या सोसायटीत पार्किंगवरून जेवढा वाद झाला नसेल, तेवढा 'तहरी इतवाऱ्यातली चांगली की देगलूर नाक्यावरची' यावरून झालेला आहे. म्हणून ठरवलं, मतं थोडी आणि इतिहास जास्त लिहायचा. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की आपल्याकडे खाण्याचा इतिहास हाही काही साधासुधा विषय नाही. कोण काय खातो यापेक्षा कोण कुणाच्या शेजारी बसून खातो, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

माझा जन्म लातूरचा आणि नोकरीमुळे सगळं आयुष्य गेलं नांदेडात. त्यामुळे दोन्ही गावांबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे, असं मी समजतो.

हैदराबादची सावली

आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली तो मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. म्हणजे पुण्या-मुंबईशी आपलं नातं तसं अलीकडचं, आणि हैदराबादशी कितीतरी जुनं. कागदावरची सरहद्द बदलली तरी जिभेवरची बदलत नाही. माझे वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी हॉटेलवाला पैसे घेताना आधी विचारायचा, "हाली की कलदार?" हाली म्हणजे निजामाचा सिक्का, कलदार म्हणजे इंग्रजांचा. साधारण 7 हाली रुपये म्हणजे 6 कलदार. चहा पिऊन उठताना गणित करावं लागे!

नांदेडची तहरी ही त्याच हैदराबादी वळणाची. बिर्याणीत भात आणि मटण वेगवेगळं तयार करून थर लावतात. तहरीत मसाला, हळद, मटण किंवा बटाटे-वाटाणे आणि तांदूळ एकाच पातेल्यात शिजतात. बिर्याणी लग्नाची, तहरी रोजची. कामावर जाणाऱ्या माणसाला सकाळी पोटभर आणि परवडेल असं खाणं पाहिजे, त्यातून ती गाड्यावर आली. काहीजण सकाळी खिचडी-खट्टा खातात, तोही हैदराबादचाच. माझं मत विचाराल तर तहरीचा दाणा मोकळा पाहिजे आणि तेल ताटलीला लागता कामा नये. दुकानाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर बी विंगमधले लोक माझ्याशी बोलणार नाहीत.

देगलूर, धर्माबादकडून तेलंगणाची वाट जवळ. त्यामुळे नांदेडच्या माणसाला भात आणि इडली कधी परकी वाटली नाही. धर्माबादची लाल मिरची, अर्धापूरची केळी, घरचं ज्वारीचं धपाटं आणि वर दही, सकाळच्या नाश्त्याला चुरमुऱ्याचा सुशीला. हे सगळं एकाच आठवड्यात एकाच घरात खाल्लं जातं. पुण्याच्या पाहुण्याला सुशीला म्हटलं की तो आधी विचारतो, "ही कोण?"

रेल्वे आणि मोंढा

बाहेर खाण्याची सवय गावाला आपोआप लागत नाही. घरी जेवायला जाता येत नाही असा माणूस आधी गावात यावा लागतो. नांदेडला तो 1900 च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वेने आणला. पुढे उस्मानशाही मिलचे कामगार आले, मोंढ्यात हमाल, अडते आणि माल घेऊन आलेले शेतकरी आले. स्टेशन, मोंढा आणि मिल, या तिन्ही ठिकाणी चहा-भज्यांची हॉटेलं उभी राहिली. आजही जुन्या मोंढ्याकडे चहा मागताना लोक 'एक में दो' म्हणतात. एका चहाचे दोन करून प्यायची ही सवय गरिबीतून आली, पण त्यातून मैत्रीही झाली.

लातूरची गोष्ट थोडी निराळी. तिथे 1911 साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी आली आणि 1917 च्या सुमारास गंजगोलाई वसवली गेली. मधे देवीचं मंदिर आणि गोलाकार बाजाराला येऊन मिळणारे 16 रस्ते. गूळ, तूरडाळ, कापड, सोनं, प्रत्येकाची ओळ वेगळी. बाजाराच्या दिवशी खेड्यातला माणूस गोलाईत यायचा, पट्टी हातात पडली की आधी आलुबोंडा आणि मिरचीभजी खायचा, मग घरच्यांसाठी पुडा बांधून घ्यायचा. आमच्याकडे बटाटेवडा म्हणत नाहीत, आलुबोंडाच म्हणतात. निलंग्याचा राईस, औसा तालुक्यातल्या उजनीची बासुंदी आणि बोरसुरीच्या तुरीचं वरण ही लातूर जिल्ह्याची तीन रत्नं. बोरसुरीच्या डाळीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या आईने ते त्याआधी पन्नास वर्षं दिलेलं होतं.

लातूरच्या खाण्याने वाईट दिवसही पाहिले. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आणि किल्लारीचा भूकंप. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत चुली विझल्या नाहीत. भाकरी आणि ठेच्याची गाठोडी बांधून पोरं ट्रकमधून जात होती. घेणारा कोणत्या जातीचा आणि देणारा कोणत्या घरचा, हे त्या आठवड्यात कुणी विचारलं नाही. पुढे 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून 5 लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातुरात आली. त्या उन्हाळ्यात मी गावी गेलो तेव्हा हॉटेलात टेबलावर भरलेला जग नव्हता, मागितलं तरच पाणी. उरलेलं पाणी पोऱ्या बादलीत ओतून ठेवायचा. तेव्हापासून ग्लासात पाणी उष्टं टाकणारा माणूस दिसला की मला राग येतो.

कोण कुणाच्या शेजारी

आता थोडं कडू. जुन्या हॉटेलांची आठवण काढताना आपण भज्यांचा वास आठवतो, पण बाहेर खिळ्याला टांगलेली कपबशी विसरतो. काही समाजाच्या लोकांसाठी कप वेगळा असे. चहा वरून ओतला जाई, आणि पिऊन झाल्यावर ज्याचा त्याने धुऊन ठेवायचा. संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदात दुकानं आणि उपाहारगृहं यांचा मुद्दाम उल्लेख करून भेदाला बंदी घातली आहे. 1955 साली त्यासाठी वेगळा कायदाही झाला. घटनाकारांना हॉटेलाचं नाव संविधानात घालावं लागलं, यावरूनच ओळखा की दुखणं केवढं होतं. कायदा झाला तरी कप लगेच खाली उतरला नाही. मी शाळेत असताना खेड्यातल्या थांब्यावर तो पाहिलेला आहे, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही इथे प्रामाणिकपणे लिहितो.

बायकांचंही तसंच. हॉटेलात बाईमाणसाने बसायचं नाही, ही रीत. नंतर पडदा लावलेली 'फॅमिली रूम' आली. आमच्या हिने लग्नानंतर पहिल्यांदा हॉटेलात डोसा खाल्ला तो त्या पडद्याआड, आणि बाहेर पडताना पदर डोक्यावर घेऊन. आज आपल्या सोसायटीतल्या मुली शिकवणी संपली की पाचजणी मिळून पाणीपुरीच्या गाड्यावर उभ्या असतात. मला विचाराल तर या पंचवीस वर्षांत गावाने केलेली ही खरी प्रगती.

गोदाकाठच्या पैठणला एकनाथ महाराजांनी श्राद्धाचं जेवण दारात आलेल्या भुकेल्या अंत्यजांना वाढलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच गोदावरीच्या काठी, नांदेडला, 1708 साली गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला. महाराजा रणजितसिंहांनी 1830 च्या दशकात सचखंड गुरुद्वारा बांधवला. लंगरमध्ये सगळ्यांनी एकाच ओळीत जमिनीवर बसायचं. डाळ, रोटी वाढणारा कोण, हे विचारायचं नाही. आपल्या गावातलं सगळ्यात चांगलं जेवण कुठलं, असं कुणी विचारलं तर मी तेच सांगतो. चवीसाठी नाही, चव छानच असते. पण तिथे कलेक्टर आणि रिक्षावाला एकाच पंगतीत बसतात म्हणून. 2008 च्या गुरुतागद्दी सोहळ्यानंतर रस्ते रुंद झाले, गावात लॉज आणि पंजाबी ढाबे वाढले. 2020 च्या टाळेबंदीत पंजाबचे हजारो यात्रेकरू इथे अडकून पडले, तेव्हाही लंगरची चूल पेटलेली होती.

भट्टीची गोष्ट

आणि आता बेकरी. पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा. तो गोव्या-मुंबईकडून आला. नान हा फारसी, तो आपल्याकडे हैदराबादकडून आला. उस्मानिया बिस्कीट तर शेवटच्या निजामाच्या नावाचं. आमच्या लहानपणी ब्रेड हे आजाऱ्याचं खाणं होतं. घरात ब्रेड आला की शेजारीण विचारायची, "कोण आजारी आहे हो?" बाकी रोजचं म्हणजे टोस्ट, खारी आणि चहात बुडवायचं कडक बटर.

जुनी भट्टी कशी चालते हे नव्या पिढीला माहीत नसेल. विटांचा घुमट, आत लाकडं पेटवायची. विटा चांगल्या तापल्या की निखारे बाजूला ओढून आतली जमीन पुसून घ्यायची. मग आग नसते, विटांत साठलेली धग असते. पहिल्या कडक धगीत पाव. जरा उतरली की बिस्किटं, नानकटाई. आणि शेवटच्या मंद धगीत कापलेले पाव वाळवून टोस्ट. एकदा पेटवलेली भट्टी अशी पायरीपायरीने वापरायची. वीजभट्टीत बटण फिरवून हे जमतं, पण विटांच्या धगीतली नानकटाई खालून जी खरपूस होते, ती तशी होत नाही. हे माझं मत, आणि यावर मी भांडायला तयार आहे.

आपल्या सोसायटीची पहिली दिवाळी ज्यांना आठवते, त्यांना ती रात्रही आठवेल. रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालड्याचे डबे घेऊन आपण सगळेजण त्या एका भट्टीवर गेलो होतो. पत्र्यांवर कुणाची कुठली नानकटाई हे कळावं म्हणून कुणी वर चारोळी लावली, कुणी बोटाचा ठसा उमटवला. रात्री अकरापर्यंत नंबर लागला नव्हता. मालक चाचांनी बायकांना बसायला पोती अंथरून दिली आणि मुलांना गरम पाव वाटले. एकमेकांची नीट नावंही माहीत नसलेली बिऱ्हाडं त्या रात्री शेजारी झाली. सोसायटीची नोंदणी कागदावर आधीच झाली होती, पण माझ्या लेखी सोसायटी त्या भट्टीपुढे स्थापन झाली.

काही वर्षांपूर्वी कोजागरीला पावभाजी ठरली. आपल्या ग्रुपवर एकाने टाकलं की पाव 'त्यांच्याकडून' आणू नयेत. दोघांनी अंगठे दाखवले, बाकी गप्प. मीही गप्प बसलो, त्याची आज लाज वाटते. दुसऱ्या दिवशी खाली कट्ट्यावर आपल्या आजी एवढंच म्हणाल्या, "इतकी वर्षं नानकटाई भाजून आणली, तेव्हा भट्टीला कुणी आडनाव विचारलं नाही. आता काय विचारायलात?" पाव तिथूनच आले. ज्याने ते लिहिलं होतं, तोच स्कूटरवर जाऊन घेऊन आला. पुढे त्याच्याशी यावर कुणी काही बोललं नाही, आणि ते बरंच झालं. आजी आज नाहीत. रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत त्यांचं हे वाक्य तरी असावं म्हणून मी हा लेख लिहायला हो म्हटलं.

गेल्या महिन्यात चाचांच्या मुलाकडे गेलो होतो. लाकूड महाग झालंय, रात्रपाळीला कारागीर मिळत नाही, आणि पुड्यातला ब्रेड दारोदारी पोचतो. "अंकल, एक-दो साल और," असं तो म्हणाला. दोष कुणाचाच नाही. घरात ओव्हन आले, तयार फराळ आला, आपणच जायचे थांबलो. तहरीचा गाडा हलला तर दुसरा उभा राहतो. पण विटांची भट्टी एकदा थंड झाली की परत कुणी बांधत नाही.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, लेखाच्या शेवटी शुभेच्छा द्यायची पद्धत आहे, त्या आहेतच. पण एक सूचनाही मांडतो, तिला कुणी अनुमोदन द्यावं. या दिवाळीत सगळ्या विंगनी मिळून एक रात्र ठरवू या. डबे घ्यायचे, नातवंडांना बरोबर घ्यायचं आणि भट्टीवर नंबर लावायचा. वेळ लागेल, डास चावतील, कुणाची तरी नानकटाई कुणाच्या तरी डब्यात जाईल. चारोळी मी आणतो.